दंडातली सळई आणि कोपऱ्यातली चादर

आधी माझाच मूर्खपणा सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला शहाणी समजणार नाही. थोरली मुलगी झाल्यावर मी तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घेतली होती. अंगावरून जास्त दिवस जायचं आणि तितके दिवस सासूबाई मला बाजूला बसवायच्या. कंटाळून दवाखान्यात "पोटात दुखतंय" असं खोटंच सांगितलं आणि तांबी काढून आले. काय ती हुशारी! वर्षाच्या आत सचिन पोटात. आता तोच मला बीपीच्या गोळ्यांवरून दटावतो.

त्याची बायको ज्योती. बाळंतपणात तिचं हिमोग्लोबिन इतकं उतरलं की रक्त चढवावं लागलं. एवढ्यात दुसरं मूल नको, जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून तिनं इम्प्लांट घेतलं. म्हणजे दंडाच्या कातडीखाली काडीपेटीतल्या काडीएवढी मऊ सळई. काही वर्षं दिवस राहण्याची काळजी नाही.

पुढं स्पॉटिंग सुरू झालं, म्हणजे पाळी नसताना मधेच लागणारे डाग. डाग दिसला की ज्योती कोपऱ्यातल्या चादरीवर. नियम कुणाचा? माझा! सासूबाई गेल्या, पण त्यांची गादी मी चालवली. दीड वर्षाचा यश आईकडं धावला की मी त्याला मागच्या मागं उचलायचे. तो भोकाड पसरायचा. ती भिंतीकडं बघत बसायची.

एके सकाळी म्हणाली, "आत्या, सळई काढून टाकते."

सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, बाकड्यावर बसून माझी कंबर धरली. मग आत बोलावलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, "असे डाग या सळईनं लागतात. तपासण्या चांगल्या आहेत. काहीजणींचं हळूहळू कमी होतं, काहींना सोसत नाही, त्या काढतात. तुम्हाला नक्की त्रास कशाचा होतोय?"

"डागांचा न्हाय, मॅडम. लेकराला घेता येत न्हाय."

मी तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "आजी, दंड तिचा आहे. तिला विचार करू द्या." मी पिशवीत चष्मा शोधू लागले. चष्मा डोळ्यांवरच होता.

बायांनो, सळई सोसत नसेल तर खुशाल काढा, त्यात लाज कसली? पण घरातल्या थोरल्यांनो, आपल्यापायी तर ती काढत नाही ना, एवढं बघा. मला ते सत्तरीत कळलं.

घरी आल्यावर यशला उचलून मी ज्योतीच्या मांडीवर दिलं. त्या दिवशीही तिला डाग होताच. चादर बादलीत भिजत घातली आणि म्हटलं, "आता ही पांघरायला. बाजूला बसणं बंद."

तिनं पोराच्या केसांत नाक खुपसलं. मग डोळे पुसत म्हणाली, "सळई राहू दे, आत्या. पन डाग असला की सैपाक तुमीच करायचा. तेवढीच तर सुट्टी व्हती की मला!"