शेठजींचा मोतीबिंदू

सासूबाई गेल्यावर त्यांची चाकाची खुर्ची परत करायला मी पहिल्यांदा क्लबात गेले. खुर्ची आमची नव्हती. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की गोंदियातली माणसं ज्या सेवा क्लबाकडून पलंग, कुबड्या, खुर्च्या वापरायला आणतात, त्या क्लबाची होती. आणायला मुलगा गेला होता. परत न्यायच्या आधी मी ती धुतली, पुसली, चाकांना तेल घातलं आणि आमच्या फुलचूरहून ऑटोत टाकून गोंदियाला घेऊन गेले.

क्लब म्हणजे एका राइस मिलच्या आवारातली लांबट खोली. बाहेर उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचा ओलसर वास. आत एक टेबल, टेबलावर पितळेची घंटा, भिंतीवर जुने फोटो. मिलचे मालकच क्लबाचे संस्थापक होते आणि त्या दिवशी ते एकटेच बसले होते. सगळं गाव त्यांना शेठजी म्हणायचं. ते उठले, वाकून त्यांनी खुर्चीच्या हातांवरून, चाकांवरून आपला हात फिरवला.

"बहोत अच्छे से रखी है. तेल घातलं का मॅडम?"

"हो."

"इथे खुर्ची परत येते ती मोडून येते. तुम्ही काय करता?"

"शाळेत गणित शिकवते."

"तो फिर बैठो. आमच्याकडे सामान सांभाळायला कोणी नाही."

मी बसले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी तिथे असते.

क्लबाचा इतिहास शेठजी प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे, आणि प्रत्येक वेळी त्यात थोडी भर पडायची. तरुणपणी ते चार मित्र मिलमध्ये पत्ते कुटत बसायचे. एका उन्हाळ्यात त्यांच्यातल्या एकाचा मेव्हणा गाडीतून उतरला तो जीभ बाहेर काढूनच. डब्यातल्या लोकांना पाणी मिळत नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी हे चौघे बादल्या आणि लोटे घेऊन स्टेशनवर. गाडी थांबली की खिडक्याखिडक्यांतून बाटल्या, तांबे, डबे बाहेर यायचे आणि हे फलाटावर धावत ते भरायचे. "गाडी सुटायची आणि लोकांची भांडी आमच्याच हातात राहायची," शेठजी सांगायचे. "ते तांबे घेऊन आम्ही काय करणार? मग रोज जावंच लागलं." हे शेवटचं वाक्य बहुधा नंतर घातलेलं असावं. पण सांगताना ते इतके खूश असायचे की कुणी शंका काढली नाही.

पाण्यावरून पलंग-खुर्च्यांवर आणि तिथून डोळ्यांच्या शिबिरांवर क्लब पोचला. मधे मोठ्या शहरांतल्या क्लबांचं पाहून घंटा आली, कोटाला लावायच्या पिना आल्या. कोट मात्र कुणाकडेच नव्हते, म्हणून पिना सदऱ्याला लावल्या जात. मी येईपर्यंत बायका वर्षातून एकदा, वार्षिक कार्यक्रमाला, तेही पोहे करायला येत. मी सभासद झाले तेव्हा एकाने काळजीने विचारलं, "मॅडम, मीटिंग रविवारी सकाळी असते. घरचं कसं जमवाल?" मी म्हटलं, "तुमच्या घरचं कसं जमतं?" तो हसला, बाकीचेही हसले आणि विषय संपला. पुढच्या वर्षी तीन बायका सभासद झाल्या. पोहे तेव्हापासून हॉटेलातून येतात.

डोळ्यांची शिबिरं धान कापून झाल्यावर, थंडीत होत. देवरीकडच्या जंगलातल्या गावांमध्ये तपासणी करायची, मोतीबिंदू पिकलेल्या म्हाताऱ्यांना बसमध्ये बसवून गोंदियाला आणायचं आणि आमचे एक सभासद डोळ्यांचे डॉक्टर होते, त्यांच्या दवाखान्यात ऑपरेशन करायचं. या कामात शेठजी फार चिकित्सक होते. ऑपरेशनची खोली स्वतः जाऊन बघत, धुतलेले कपडे हुंगून पाहत, औषधं कधीची आहेत ते विचारत. डॉक्टर वैतागायचे. एकदा मी डॉक्टरांना विचारलं, "हे एवढं का करतात?"

"त्यांच्या वडिलांचे डोळे अशाच एका शिबिरात गेले," डॉक्टर म्हणाले. "फार जुनी गोष्ट. तंबूत ऑपरेशनं व्हायची तेव्हा. जंतू झाले. म्हणून तर यांनी शिबिर सुरू केलं, नीट करायचं म्हणून."

त्याच सुमारास माझ्या लक्षात येऊ लागलं की शेठजी स्वतः काही वाचत नाहीत. मीटिंगचा वृत्तांत मला वाचायला लावत. आत येणाऱ्याकडे बघून हसत, पण तो बोलेपर्यंत नावाने हाक मारत नसत. एकदा चहा ओतताना कप सोडून बशीत ओतला आणि बशीतूनच प्यायले, जसं काही तेच करायचं होतं. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत आहे. दोन्ही डोळ्यांत पिकलाय. तीन वर्षं मागे लागलोय. विषय काढला की उठून मिल बघायला जातात."

हजारो नाही म्हणत मी, पण पुष्कळ म्हाताऱ्यांना ज्या माणसाने हाताला धरून बसमध्ये चढवलं, तो स्वतः अर्धा आंधळा होऊन फिरत होता. आणि ते क्लबात आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षीचं शिबिर देवरीपलीकडच्या एका गावात, शाळेच्या व्हरांड्यात होतं. तपासणी संपली, बस उभी होती, निवडलेली माणसं पिशव्या घेऊन आत बसली होती. तेवढ्यात एक म्हातारी बसमधून खाली उतरली. गोंड बाई होती, अंगाने काटक, केस पांढरेशुभ्र. उतरून सरळ पायरीवर बसली.

मी जवळ गेले. "काय झालं आजी?"

"मी नाही येत. डोरे फोडतेत म्हनतेत."

"कोण म्हणतं?"

"लोक म्हनतेत."

डॉक्टर आले. दुखत नाही, थोडा वेळ लागतो, दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते, सगळं समजावलं. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं. बसच्या खिडक्यांतून बाकीचेही ऐकत होते. दोघं-तिघं पिशव्या हातात घेऊन उभे राहिले होते.

ती म्हणाली, "मोहफुल वेचाले जातो तं पाला हाती येते. डोरे तं मलेही पायजेत. पन मले एक सांगा. तुमच्यातल्या कोनाचं झालं का हे आपरेशन?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. क्लबाची सात-आठ माणसं तिथे होती. 

"कोनाचंच नाही? मंग आमीच काऊन?"

 डॉक्टर काहीतरी बोलायला लागले, तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शेठजी उठून आवाजाच्या रोखाने पायऱ्यांकडे येत होते. मी पुढे होऊन हात धरला, कारण पायरी त्यांना दिसली नसती.

"माझं व्हायचंय बाई," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांचं."

"मंग काऊन नाही केलं?"

"डर लगता है."

म्हातारी हसली. "भेव वाटते?"

"हो. माझ्या वडिलांचे डोळे ऑपरेशनात गेले. पुढे कायम माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचे ते."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. बसमध्ये कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, आता अख्खी बस रिकामी होणार. शेठजी मात्र तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हणाले, "असं करू. आपण दोघं जाऊ. पहले मेरा. माझं बिघडलं तर तू परत ये, बस तुला घरी सोडेल."

"पयले तुमचं?"

"पहले मेरा."

तिने थोडा विचार केला. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठली. "चाला मंग."

बसमध्ये ते दोघे शेजारी बसले. वाटेतलं आमगाव येईपर्यंत ती त्यांना आपल्या शेळ्यांबद्दल सांगत होती. मी मागच्या सीटवरून शेठजींच्या घरी फोन लावून दिला. त्यांच्या बायकोने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोण आहे ती बाई? तिला म्हणावं, ऑपरेशन झाल्यावर चार दिवस माझ्याकडे राहायला ये."

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना वेगळी खोली देऊ केली. त्यांनी घेतली नाही. शिबिराच्या माणसांसोबत मोठ्या हॉलमध्येच खाट मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यात थेंब घालून त्यांना बाकावर बसवलं होतं, तेव्हा मी शेजारी होते. 

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "वडिलांची पट्टी सोडली ना, तेव्हा त्यांनी काय म्हटलं माहीत आहे? दिया जलाओ, म्हणाले. दुपारची वेळ होती."

 मी त्यांचा हात धरून बसले. नर्स आली आणि त्यांना आत घेऊन गेली.

ते बाहेर आले तेव्हा उजव्या डोळ्यावर पट्टी होती. म्हातारी बाकावरच वाट पाहत बसली होती. आता तिची पाळी होती. ती चाचपडत त्यांच्याजवळ गेली, दंड चिमटीत धरला आणि विचारलं, "जिते आहा का?"

"जिता हूं."

"दुखलं?"

"नाही. झूठ नही बोलता. आत गार लागतं फक्त."

ती आत गेली. तिच्यामागे बाकीचेही एकेक करून गेले.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या सोडायच्या होत्या. शेठजींची पट्टी डॉक्टरांनी स्वतः सोडली. शेठजींनी डोळा मिटूनच ठेवला होता. "उघडा," डॉक्टर म्हणाले. ते उघडेनात. त्यांच्या बायकोने खांद्यावर हात ठेवला तेव्हा उघडला. समोर डॉक्टर उभे होते.

"अरे," शेठजी म्हणाले, "तू तो बूढा हो गया!"

डॉक्टरांचे केस त्या तीन-चार वर्षांत खरंच पांढरे झाले होते. सगळे हसले. मग ते माझ्याकडे वळले, जरा वेळ बघत राहिले. "मॅडम, तुम्ही अशा दिसता होय. मी उंच समजत होतो." मग ते भिंतीकडे तोंड करून बसले आणि त्यांची बायको पाठीवरून हात फिरवत राहिली.

पलीकडे म्हातारीची पट्टी सुटली होती. तिने आधी आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून उलटसुलट पाहिले. नखं पाहिली. मग विचारलं, "शेठ कोनता?" नर्सने दाखवलं. म्हातारीने त्यांना नखशिखांत न्याहाळलं.

"आवाजावरून मोठा वाटे," ती म्हणाली. "हा तं बारीकच आहे."

मार्चमध्ये आम्ही त्या गावाला पुन्हा गेलो, चष्मे वाटायला. म्हातारी घरी नव्हती. शेजाऱ्यांनी सांगितलेल्या वाटेने गेलो तर झाडाखाली वाकून मोहफुलं वेचत होती. शेठजींनी हाक मारली. तिने वर पाहिलं, ओळखलं आणि पुन्हा खाली वाकली. "बसा. एवढं वेचून होऊ द्या." आम्ही सावलीत बसून राहिलो. तिचं आटोपल्यावर तिने आम्हाला पाणी दिलं, शेळी दाखवली आणि शेठजींनी दुसऱ्या डोळ्याचं कधी करायचं ठरवलंय, ते विचारलं.

तो दुसरा डोळा त्यांनी पुढच्या थंडीत केला. ऑपरेशन नीट झालं, पण त्या डोळ्याचा मागचा पडदाच आधीपासून खराब निघाला. डाव्या डोळ्याने त्यांना अजूनही फक्त उजेड आणि हालचाल कळते. वेळेवर आले असते तर आधी तपासता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. शेठजींनी मान्य केलं. स्कूटर पुतण्याला देऊन टाकली. मिल मुलगा बघतो. शिबिराला मात्र ते येतातच.

तिथे त्यांचं एकच काम असतं. कुणी घाबरलं की आम्ही त्याला शेठजींसमोर नेऊन बसवतो. यावरून त्यांचा आणि डॉक्टरांचा दरवर्षी वाद होतो, कारण शेठजी दोन्ही डोळ्यांची गोष्ट सांगतात.

"उजव्याचं सांगा की," डॉक्टर म्हणतात. "डाव्याचं कशाला सांगता? तो मोतीबिंदूचा दोष नाही."

"ते पण सांगतो. पण सांगतो दोन्हीचं."

"लोक पळून जातात शेठजी."

"जाने दो. पुढच्या वर्षी येतील."

काही जण जातातही. आता क्लबात तरुण पोरं-पोरी आहेत, मोबाइलवरचा ग्रुप आहे, मी स्वतः एक वर्ष अध्यक्ष होऊन गेले. शेठजींना जरा आवरा, असं मला अधूनमधून कुणीतरी सांगतं. मी अजून आवरलेलं नाही.

गेल्या थंडीत एका गावात एक शेतकरी असाच त्यांच्यासमोर बसला होता. पोवार समाजाचा, साठीचा, डोक्याला गमछा. शेठजींनी त्याला उजवा डोळा दाखवला, मग डावा दाखवला. कशाने काय झालं, ते सावकाश सांगितलं. त्या माणसाने दोन्ही डोळ्यांत निरखून पाहिलं.  डॉक्टर लांबून माझ्याकडे बघत होते.

मग तो म्हणाला, "मले बसमधे उलटी होते. समोर बसू द्यान का?"

"माझ्या जागेवर बस," शेठजी म्हणाले, आणि स्वतः काठी टेकत मागच्या सीटवर, म्हाताऱ्या बायांच्या पिशव्यांमध्ये जागा करून बसले.