कपाटातला फवारा

कोहत्ला-यार्वे गावात राइसा नशा करणाऱ्यांच्या घरोघरी जाऊन नाकात मारायचा फवारा वाटते. जास्त नशेनं थांबलेला श्वास त्यानं परत येतो. क्लावदियालाही तिनं तो मारायला शिकवलं होतं. पण तिचा पोरगा नशेसाठी घरातलं सगळं विकायचा. म्हणून क्लावदियानं फवारा चांदीच्या चमच्यांशेजारी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घालून कामावर गेली. त्या दुपारी पोराचा श्वास थांबला, तेव्हा त्याचा दोस्त कपाटाला लाथा घालत राहिला. कपाट जुनं, दणकट होतं.

पोराच्या दिवसांच्या जेवणाला राइसा आली. क्लावदियानं घावन वाढले आणि फवाऱ्याची डबी पुढं केली.

"घेऊन जा गं. सीलसुद्धा फोडलेलं नाही."

"राहू दे, मावशी."

"बाहेर ठेवला असता, तर विकलाच असता त्यानं."

विकला असता तर दुसरा फुकटच दिला असता, हे राइसा बोलली नाही.