बागेतली बसलेली मूर्ती

फुलचूरच्या बाहेर एका राइस मिलवाल्या शेटजींची मोठी बाग होती. शेत नांगरताना, तळं खोदताना कुठे जुनी मूर्ती निघाली की शेटजी ट्रॅक्टर पाठवून ती उचलून आणत. नागऱ्याकडून, कामठ्याकडून, पार जंगलातल्या गावांतून आणलेल्या तीसेक मूर्ती त्यांनी गुलाबाच्या वाफ्यांमध्ये उभ्या केल्या होत्या. माझे बाबा तिथे माळी होते.

एक मूर्ती मांडी घालून बसलेली, नाक झिजलेलं. शेटजी तिला जैनांची म्हणत. बाबा म्हणत, बुद्धच आहे. आमच्या वस्तीतल्या विहारासाठी बाबांनी ती मागितली, तेव्हा शेटजी हसून म्हणाले, "मेरे बाद ले जाना." बाबांनी ते खरं धरलं.

शेटजी वारले. जुन्या मूर्तींची सरकारात नोंद लागते, नाहीतर केस होते, असं कुणीतरी त्यांच्या मुलाच्या कानावर घातलं. त्याला तसंही तिथे लग्नाचं लॉन काढायचं होतं. त्यांचा जेसीबी मीच चालवायचो.

"सब तोड़ के गड्ढे में डाल," तो म्हणाला. "एक भी बचना नहीं चाहिए."

सकाळपासून मी तोडत होतो. दुपारी बसलेल्या मूर्तीकडे वळलो, तर बाबा तिच्यापुढे उभे.

"हे नोको तोडू. शेटजीनं मले देल्ली हाये."

"कागद हाये का तुमच्यापाशी?" मी वरूनच विचारलं.

शेटजींचा मुलगा, आता मालक, बंगल्याच्या व्हरांड्यातून पाहत होता. बाबांनी त्याच्याकडे वळून हात जोडले. तो मोबाइलमध्ये बघू लागला.

"काऊन असा करून राहिला रे?" बाबा मला म्हणाले.

"बाजूले व्हा बाबा. मले जेवाले जायचं हाये."

भूक मला नव्हती. मालकासमोर बापाचं ऐकताना दिसायचं नव्हतं, एवढंच.

बकेट खाली आली तेव्हा बाबा बाजूला सरले. मूर्तीचं डोकं तुटून वाफ्यात पडलं. त्यांनी ते उचललं, खांद्यावरच्या दुपट्ट्यात धरलं. मी खाली उतरलो. त्यांची बोटं मला एकेक करून उकलावी लागली. डोकं मी खड्ड्यात टाकलं.

त्यानंतर बाबा कामावर गेले नाहीत. माझ्याशी बोलायचं झालं तर सुनेला म्हणत, "त्याले सांग."

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीचं लग्न त्याच लॉनवर झालं. जागा मालकाने दिली. बाबा घरीच राहिले. बायको म्हणाली, "एकडाव जाऊन आना ना त्यायले."

पाहुणे जेवायला बसले होते. मी वाढत राहिलो.