टिरोलच्या देवळात ऐकलेली नामावली

गेल्या मे महिन्यात आम्ही ऑस्ट्रियाला निघालो, तेव्हा माझी पत्नी सुनंदा आठ महिने बोललेली नव्हती. रुसवा नव्हता. सप्टेंबरातल्या एका सकाळी, अमेरिकेतल्या नोव्हायच्या आमच्या घरात, चहा गाळता गाळता तिच्या हातातलं गाळणं पडलं आणि ती ओट्याला धरून खाली बसली. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. उजवा हात आणि पाय तीन-चार महिन्यांत बरेचसे परत आले, भाषा आली नाही. समजत तिला सगळं होतं. विनोदाला ती हसायची, मी खोटं बोललो की भुवई उंचवायची. पण तोंडातून एकच शब्द निघायचा, ‘नंतर’. भूक लागली का विचारलं तर नंतर, डोकं दुखतंय का विचारलं तरी नंतर. तो शब्द चुकीचा आहे हे तिला कळायचं आणि तिचे डोळे भरून यायचे. जिनं वीस वर्षं इथल्या मुलांना रविवारच्या मराठी शाळेत बोलायला शिकवलं, तिच्या वाट्याला हे यावं, याचा अर्थ मला लागत नव्हता.

मी देवभोळा नसलो तरी नेमानं पूजा करणारा माणूस. आमचा देव्हारा पॅन्ट्रीतल्या एका फळीवर आहे. मोटारींच्या इंजिनांवर काम करायला रोज निघण्याआधी तिथे दिवा लावायचा आणि दोन मिनिटं उभं राहायचं, असं तीस वर्षं चाललं होतं. सुनंदा हॉस्पिटलमध्ये होती त्या आठवड्यात मी कॉरिडॉरच्या खिडकीशी उभा राहून, आयुष्यात कधी मागितलं नव्हतं असं मागितलं. तिची वाचा गेली ती गेलीच. त्यानंतर दिवा लागत राहिला, पण मी त्याच्यापुढे उभा राहणं सोडलं. दिवा लावायचा आणि पाठ फिरवायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही.

ऑस्ट्रिया हा सुनंदाचा हट्ट होता. तिला इतिहासाचं वेड. कुठल्या मठात केवढं ग्रंथालय आहे, कुठल्या खाणीतून मीठ निघायचं, हे ती आजारी पडण्याआधी वर्षभर वाचत होती. मी सगळं रद्द करायला निघालो, तेव्हा तिनं माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि उशीखाली ठेवला. शिकागोहून मुलगी, मुग्धा, व्हिडिओवर हे बघत होती. ती म्हणाली, “बाबा, कॅन्सल नका करू. शी वॉन्ट्स टू गो. तुम्ही फक्त तिच्याबरोबर राहा.”

तिथे गेल्यावर मात्र मला वेगळीच सुनंदा भेटली. तिला विचारता येत नव्हतं, म्हणून ती बोट दाखवायची. मी तिथली पाटी वाचायची, मराठीत सांगायची, आणि तिचं समाधान झालं नाही तर ती माझी बाही धरून ठेवायची. मठाच्या ग्रंथालयात छताजवळच्या पुस्तकांपर्यंत माणूस कसा पोचतो, हे तिला हवं होतं. मी तिथल्या बाईंना विचारलं, तर त्यांनी कपाटातला एक लपवलेला दरवाजा उघडून आतला गोल जिना दाखवला. टिरोल प्रांतातल्या इन्सब्रुकच्या एका चर्चमध्ये बादशहाची भली मोठी कबर आहे आणि तिच्याभोवती माणसापेक्षा उंच, काळसर ब्राँझचे अठ्ठावीस पुतळे पहाऱ्याला उभे आहेत. पाटी वाचून मी म्हणालो, “अगं, कबर रिकामी आहे. बादशहाला पुरलंय दुसऱ्याच गावी.” सुनंदा माझ्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली, इतकी की चर्चच्या रखवालदारांनी वळून पाहिलं. आठ महिन्यांत ती अशी हसली नव्हती. मलाही त्या पाट्यांचा नाद लागला. कुठलंही घर, कुठलाही हौद दिसला की हे कधीचं, कुणी बांधलं, असं मीच विचारू लागलो.

त्याच नादानं माझा घात केला. चौथ्या दिवशी आम्ही बसनं जवळच्या दरीतल्या एका लहान गावी गेलो. भिंतींवर जुनी चित्रं रंगवलेली घरं होती, ती पाहिली. परतीच्या बसला अर्धा तास होता. सुनंदा थकली होती, तिला मी स्टॉपवरच्या बाकावर बसवलं. रस्त्यापलीकडे एक मोठी पाटी होती, पूर्वी या वाटेनं खेचरांवरून मीठ कसं जायचं त्याची. “पाच मिनिटांत आलो,” म्हणून मी पलीकडे गेलो. पाटीवर नकाशा होता, खेचरांची चित्रं होती. मी पाचाची बहुधा पंधरा मिनिटं केली. वळून पाहिलं तर बाक रिकामा होता.

आधी मी घाबरलो नाही. शेजारच्या बेकरीत पाहिलं, चौकातल्या हौदाच्या मागे पाहिलं, हाका मारल्या. मग लक्षात आलं की हाक ऐकली तरी ती ओ देऊ शकत नाही. तिच्या नावाचं, माझ्या नंबरचं कार्ड मी आठवणीनं तिच्या पर्समध्ये ठेवलं होतं आणि ती पर्स तिला ओझं नको म्हणून माझ्याच खांद्यावर होती. तिचा फोनही त्यातच. गावाच्या कडेनं नदी होती. वरचा बर्फ वितळत होता, पाणी दुधाळ आणि जोरात चाललं होतं. पुलाच्या मध्यावर जाऊन मी खाली पाहिलं, दोन्ही काठ दिसतील तिथवर न्याहाळले. तीन गल्ल्या दोनदा फिरलो. बेकरीतल्या मुलीनं पोलिसांना फोन केला. तासाभरात कुणीतरी येईल, तुम्ही एका जागी थांबा, असं तिनं मला सांगितलं.

मी हौदाच्या कठड्यावर बसलो. मुग्धाचं ते ‘फक्त तिच्याबरोबर राहा’ कानात वाजत होतं. करण्यासारखं जे होतं ते मी करून चुकलो होतो. हात मांडीवर तसेच पडले होते. हॉस्पिटलमध्ये मी मागितलं होतं, त्यात एक हिशोब होता, मी इतकी वर्षं दिवा लावला त्याचा. या वेळी हिशोब सुचलाच नाही. मी मनात म्हणालो, “मला सांभाळता आलं नाही. ती आता तुझ्याकडे आहे. तूच बघ.” एवढंच. त्यानं धीर आला असं नाही, पण धावाधाव थांबली, आत आणि बाहेर.

किती वेळ गेला सांगता येणार नाही, फार नसावा. समोरच्या चढावरून एक म्हातारी बाई भराभर उतरत आली. पंचाहत्तरीच्या पुढची असेल, करड्या केसांचा अंबाडा, पायात जाड बूट. ती इकडेतिकडे बघत होती, जसं काही कुणाला शोधत होती. मला पाहून थांबली, आणि कपाळाच्या मध्यावर बोट टेकवून तुटक इंग्रजीत विचारलं, “तुमची बायको? इथे लाल?”

मी हो म्हणालो. तिनं हात देऊन मला उठवलं. तिचं नाव आन्ना. पूर्वी हॉटेलात काम करायची, त्यामुळे थोडं इंग्रजी येत होतं. चढ चढता चढता तिनं सांगितलं ते असं. वर डोंगरावर मारियाचं, म्हणजे येशूच्या आईचं, एक जुनं देऊळ आहे. मे महिन्यात गावातल्या बायका दुपारी तिथे प्रार्थनेला जातात. आज त्या स्टॉपवरून जात असताना एक परदेशी बाई उठली आणि त्यांच्यात येऊन चालू लागली. तिनं आन्नाचा दंड धरला, सोडेना. बरोबर कुणी असेल हे आन्नाच्या मनात आलं, पण बाई बोलेना, आणि वाटही फार नव्हती. “प्रार्थना संपल्यावर तिला घेऊन खाली येणार होते,” आन्ना म्हणाली. “मग मध्येच वाटलं, नाही, आत्ता जावं. कुणीतरी रडत असेल.” मला तिच्याकडे बघवेना.

देऊळ लहान होतं, पांढऱ्या भिंतींचं. दाराशीच आवाज ऐकू आला. एक बाई पुढे उभी राहून एकेक ओळ म्हणत होती, आणि बाकीच्या प्रत्येक ओळीला तेच तीन शब्द एका सुरात उत्तर देत होत्या. ती मारियाची नावं होती, हे आन्नानं मला नंतर सांगितलं, आणि उत्तर होतं ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’. दहा-बारा बायका असतील. तिसऱ्या बाकावर सुनंदाची निळी शाल दिसली. मी तिच्या मागच्या बाकापाशी गेलो आणि थबकलो, कारण तिचे ओठ हलत होते. पुढच्या बाईनं एक नाव घेतलं. बायकांनी उत्तर दिलं. आणि त्यांच्यात, त्यांच्याच सुरात, अगदी स्पष्ट, सुनंदा म्हणाली, “नमो नमः.”

पुढचं नाव. “नमो नमः.” त्याच्या पुढचं. “नमो नमः.”

वाईजवळच्या तिच्या माहेरी दिवेलागणीला तिचे वडील देवीची नामावली म्हणायचे. ते एक नाव घेत आणि पाची भावंडं ‘नमो नमः’ म्हणत. लग्नानंतर एकदाच मी ते ऐकलं होतं, आणि गंमत वाटली होती. त्या दुपारी ती साठ वर्षांची बाई पुन्हा त्या भावंडांच्या रांगेत बसली होती. बायकांपैकी कुणी मागे वळून पाहिलं नाही, कुणाला ते शब्द परके वाटले नाहीत. मीही मागच्या बाकावर बसलो आणि म्हणू लागलो. किती नावं झाली माहीत नाही. संपल्यावर तिनं मान वळवली, मला पाहिलं, आणि त्याच सुराच्या शेपटाला धरून म्हणाली, “अहो.”

छत्तीस वर्षं ऐकलेला शब्द. मी तिथेच हातात तोंड लपवून रडलो.

आन्नानं आम्हाला एकटं सोडलं आणि आधी खाली बेकरीत फोन करून सुनंदा सापडल्याचं कळवलं. मग येऊन तिनं भिंतीवरची लहान लहान चित्रं दाखवली, संकटातून सुटलेल्या माणसांनी शेकडो वर्षांत करवून आणून लावलेली. कोसळलेल्या झाडाखाली सापडलेला माणूस, पुरात वाहणारी गाय, अंथरुणाला खिळलेली आई, आणि प्रत्येकात वरच्या कोपऱ्यात ढगांतून बघणारी मारिया. सुनंदा एकेका चित्रावर बोट ठेवत होती, मी आन्नाला विचारत होतो, आन्ना सांगत होती. आमच्याकडे नवस फेडतात तेच हे, फक्त रंगवून ठेवलेलं. निघताना आन्ना म्हणाली, “माझ्या भावाचं असंच झालं होतं. त्याला पाणी मागता यायचं नाही, पण गाणं म्हणता यायचं. हिला गायला लावा. हिच्या भाषेत.”

नोव्हायला परतल्यावर मी हे स्पीच थेरपिस्टला सांगितलं. ती म्हणाली, पाठ असलेलं आणि सुरातलं कधी कधी शाबूत राहतं, तिनं गाण्यांचा प्रयोग केलाही होता. पण ती सगळी गाणी इंग्रजी होती. सुनंदाच्या आत काय पाठ आहे, हे मलाच सुचायला हवं होतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी नावं घेतो, ती उत्तर देते, आणि त्याच सुरात आम्ही एखादा शब्द घालतो. ‘पाणी’ जूनमध्ये आला. ‘मुग्धा’ जुलैत आला, मुलगी फोनवर असतानाच. ती म्हणाली, “अगेन, आई. प्लीज, अगेन.” सगळं परत आलेलं नाही. येईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

त्या दुपारी काय झालं याचा उलगडा मी करत बसत नाही. स्पष्टीकरण आहे, आणि मी इंजिनिअर आहे, ते मला पटतं. पण ती नेमकी त्याच बायकांच्या मागे का गेली, आणि आन्ना प्रार्थना अर्धी सोडून का उतरली, हे मला कळलेलं नाही, आणि कळलं नाही म्हणून माझं काही अडत नाही. मी मागत होतो तेव्हा माझ्या मुठी आवळलेल्या होत्या. त्या उघडल्या तेव्हा मी हरलेला होतो, शहाणा झालो होतो असं नाही. तरी देवाला ते चाललं. तेवढी कृपा मला पुरते.

गेल्या नवरात्रात आमच्या ओळखीच्या एका घरी, बेसमेंटमध्ये, तीस-चाळीस माणसं आरतीला जमली होती. आरती झाल्यावर सुनंदा पुढे सरकली, देवीसमोर उभी राहिली आणि सगळ्यांकडे वळली. लोक थांबले. तिनं एक नाव घेतलं, अडखळत, पण पूर्ण. मग मागून एका काकूंनी ‘नमो नमः’ म्हटलं, पुढच्या नावाला दहा जणांनी म्हटलं, आणि त्यानंतर सगळी खोली उत्तर देऊ लागली. तिला अकरा नावं आली. बाराव्याशी ती थांबली, हसली आणि हात जोडून खाली बसली.