निळ्या रेघेखालचा उजेड

मुलुंड पश्चिमेला, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीमागे एक भिंत आहे आणि तिच्यावर निळ्या ऑइलपेंटची आडवी रेघ आहे. भिंत कुणाची ते कुणालाच नक्की ठाऊक नाही, पण रेघ सहदेव परबची. दर निवडणुकीत कुणी ना कुणी तिथे आपलं नाव आणि निशाणी रंगवून जातो, आणि दुसऱ्या दिवशी सहदेव ब्रश घेऊन त्या नावाच्या पोटातून आपली रेघ पुन्हा ओढतो. एकदा एक कार्यकर्ता तावातावाने जाब विचारायला आला. सहदेवने त्याच्याच बाइकचा हेडलाइट लोकांच्या डोळ्यांत कसा जातो ते त्याला भिंतीवर दाखवलं, फोकस बसवून दिला आणि चहा पाजून परत पाठवलं. तेव्हापासून रेघेच्या वाटेला कुणी जात नाही.

भिंतीसमोर पंचवीस फुटांवर, पत्र्याच्या शेडखाली, त्याचं ‘श्री रामेश्वर ऑटो इलेक्ट्रिक’. वडील लालबागच्या कापडगिरणीत साचे सांभाळायचे. ती गिरणी बंद पडली आणि सहदेव सतराव्या वर्षी कुर्ल्याच्या एका उस्तादाकडे वायरिंग शिकायला बसला. आज वय चौपन्न. गाडीच्या बाहेरचा एकही दिवा असा नाही, की जो त्याने डोळे मिटून खोलून पुन्हा बसवला नसेल.

त्याच्या दुकानाचा एक नियम आहे आणि त्यापायी गिऱ्हाइकं त्याला विक्षिप्त म्हणतात. दिव्यांचं काम झालं की मालकाने लगेच गाडीत बसायचं नाही. आधी भिंतीपाशी जाऊन गाडीकडे तोंड करून उभं राहायचं, सहदेवने दिवे लावायचे आणि मालकाने त्यात बघायचं. डोळ्यांना त्रास झाला तर काम पुन्हा. “गाडी तुमची, पण हा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जाणार आहे,” तो म्हणतो. हे शहाणपण त्याला फुकट मिळालेलं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी गणपतीला गावी गेला असताना, दिवेलागणीला, बायकोला, सुलक्षणाला, मागे बसवून तो मोटरसायकलवर कणकवलीहून आचऱ्याला निघाला होता. वळणावर समोरून दोन पांढरे गोळे आले. रस्ता दिसेना, कड दिसेना, आणि दोघं गाडीसकट शेतात. सुलक्षणाचं मनगट मोडलं. समोरची जीप थांबली, त्यातून एक माणूस धावत आला आणि बघतो तर भांडुपचा कुंडलिक, सहदेवचंच गिऱ्हाईक! आठच दिवसांपूर्वी सहदेवने त्या जीपला ठरलेल्यापेक्षा दुप्पट ताकदीचे बल्ब लावून दिले होते, गावच्या रस्त्याला उपयोगी पडतील म्हणून. सुलक्षणाला उठवता उठवता कुंडलिक भाबडेपणाने म्हणाला, “परबानू, दिवे मात्र एकदम झकास लावलात हां!”

ते मनगट आजही जरा वाकडंच आहे. परतल्यावर पहिल्याच सोमवारी त्याने भिंतीवर रेघ ओढली. गाडीचा उजेड हिच्या वर जाता कामा नये.

एका मंगळवारी उत्तराकाकू आपली लाल हॅचबॅक घेऊन आल्या. उत्तरा कर्णिक, वय एकाहत्तर, बँकेतून निवृत्त. गाडी चौदा वर्षांची आणि पहिल्या दिवसापासून सहदेवच्याच हाताखालची. काकूंनी एक चकचकीत खोका त्याच्यापुढे ठेवला. आत एलईडी बल्बचा पूर्ण संच होता. हेडलाइट, टेललाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, नंबरप्लेट, सगळं.

“देवव्रतने मागवलंय,” त्या म्हणाल्या. “शनिवारपर्यंत बसवून हवंय. नाहीतर किल्ली त्याच्या हातात.”

“म्हणजे?”

“म्हणजे माझं ड्रायव्हिंग बंद.”

मग सगळं बाहेर आलं. काकूंचे यजमान श्यामसुंदरकाका, त्यांना आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला न्यावं लागतं. पहाटेची पाळी, त्यामुळे सव्वापाचला घर सोडायचं. दोन आठवड्यांपूर्वी पुलाखाली काकूंची गाडी दुभाजकावर चढली. कुणाला लागलं नाही, पण मुलगा देवव्रत घाबरला. ड्रायव्हर ठेवू म्हणाला. काका म्हणाले, परक्या माणसाबरोबर मी जाणार नाही, परतताना मला ओकारी होते, लाज वाटते. शेवटी असं ठरलं की दिवे बदलून बघायचे, तोवर पहाटे देवव्रतने आपल्या गाडीने न्यायचं आणि शनिवारी स्वतः खात्री करायची.

“मला दिसतं हो, परब,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चढलाच. “डोळ्यांची ऑपरेशनं झाली, डॉक्टरांनी लेखी दिलंय. पण समोर अंधारच असला तर मी बघू काय?”

सहदेवला ते एकदम पटलं. त्याने बॉनेट उघडलं.

“काकू, मागचे सगळे एलईडी बसवतो. ब्रेक झटकन पेटेल, मागचा सावध होईल. पण हेडलाइटमध्ये हे नाही घालणार.”

“अहो, त्याचसाठी तर आणलेत!”

“ही वाटी बघा.” त्याने हेडलाइटच्या आतल्या चकाकत्या वाटीवर बोट ठेवलं. “ही तारेच्या बल्बसाठी घडवलीय. तार एका जागी जळते, त्या हिशोबाने वाटी उजेड रस्त्यावर टाकते. ह्या एलईडीची जागा थोडी इकडेतिकडे. मग उजेड फाकणार. तुम्हाला वाटणार लख्ख पडलाय आणि समोरचा रिक्षावाला आंधळा. तो तुमच्यावरच येणार.”

बँकेत तीस वर्षं लोकांना नको तिथे सह्या करण्यापासून अडवणाऱ्या बाईला नकार कळतो. “देवव्रत ऐकणार नाही,” एवढंच त्या म्हणाल्या आणि गाडी ठेवून गेल्या.

गुरुवारपर्यंत सहदेव त्या गाडीला चिकटून होता. टेललाइट, ब्रेकलाइट बसले. लाल काचेमागे लाल एलईडी, पिवळीमागे पिवळा. पांढरा घातला की रंग फिका पडतो आणि ब्रेक आहे की काय आहे ते मागच्याला कळत नाही, म्हणून खोक्यातले पांढरे त्याने बाजूला काढले. इंडिकेटर बसवले तर ते पिसाळल्यागत टकाटक फडफडायला लागले. नव्या बल्बला वीज इतकी कमी लागते की इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या जुन्या फ्लॅशरला वाटतं बल्ब गेलाच. शेजारच्या पंक्चरवाल्या धोंडिरामने लांबूनच विचारलं, “काय रे परब, वाट लावलीस ना गाडीची?” सहदेवने फ्लॅशर बदलला, इंडिकेटर शहाण्यासारखे टिकटिक करू लागले आणि मग धोंडिरामला जे काही ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हेडलाइटपाशी खरा चोर सापडला. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, आणि बल्बच्या होल्डरवर मीटर लावला तर जेमतेम दहा. वायर आतून हिरवी पडलेली, अर्थिंग गंजलेलं. वरून काचा पिवळ्या. म्हणजे ही बाई वर्षभर मिणमिणत्या दिव्यांवर नवऱ्याला नेत-आणत होती आणि दोष मात्र तिच्या डोळ्यांना. सहदेवला मनापासून राग आला, आणि तो राग स्वतःवरही होता. मागच्या सर्व्हिसला त्यानेच हे बघायला हवं होतं.

त्याने नवीन जाड वायर ओढली, दिव्यांना थेट बॅटरीची वीज देणारा रिले बसवला, अर्थिंग घासून घट्ट केलं. काचा पॉलिश पेपरने घासघासून काढल्या, इतक्या की खांदा भरून आला. बल्ब मात्र कंपनीने सांगितलेल्याच ताकदीचे, साधे. मग त्याने काकूंना फोन लावला.

“काकू, काका गाडीत कुठे बसतात?”

“मागे. पाय लांब करून. का हो?”

“आणि वजन?”

“बासष्ट. पण दिव्यांचा आणि ह्यांच्या वजनाचा काय संबंध?”

संबंध होता. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर उचलतं आणि उजेड रस्ता सोडून लोकांच्या तोंडावर जातो. रिकाम्या गाडीवर फोकस लावून द्यायला कुणीही देईल. सहदेवने दुकानातल्या बाद बॅटऱ्या तराजूवर घातल्या, बासष्ट किलो जुळवले, गोणपाट अंथरून मागच्या सीटवर ठेवल्या. स्वतः काकूंच्या जागी बसला, उतरला, स्क्रू फिरवला, पुन्हा बसला. असं अकरा वेळा. शेवटी उजेडाची वरची कड निळ्या रेघेच्या बरोबर खाली येऊन थांबली. घरी जाऊन त्याने सुलक्षणाला सांगितलं, “आज असा फोकस बसलो, तुका दाखवूक व्हयो होतो.” ती म्हणाली, “माझ्या मनगटान बघल्यान तो पुरो.” आणि दोघंही हसली.

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला देवव्रत आला. चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, थकलेला माणूस. मागचे दिवे बघून खूश झाला. पुढे आला आणि त्याचा चेहरा बदलला.

“हे जुनेच बल्ब आहेत. मी इतकं शोधून मागवलं ते काय शोभेला? परब, प्रश्न माझ्या आईबाबांच्या जिवाचा आहे.”

“म्हणूनच नाही लावले, साहेब.”

“तुम्ही ठरवणार?”

काकू मध्ये बोलायला गेल्या. सहदेवने हातानेच त्यांना थांबवलं. त्याचा पारा चढला होता, पण समोरच्या माणसाच्या आवाजातली भीती त्याला ऐकू येत होती. भांडून ती जाणार नव्हती. त्याने खोक्यातले हेडलाइटचे दोन्ही एलईडी काढले आणि पाच मिनिटांत बसवले.

“काकू, तुम्ही आत बसा. साहेब, तुम्ही भिंतीपाशी. गाडीकडे तोंड करून. आता समजा पहाटेचे सव्वापाच आहेत, तुम्ही दूधवाले आहात आणि आई समोरून येतेय.”

शेडखाली अंधारून आलं होतं. काकूंनी बटण फिरवलं. भिंत निळ्या रेघेच्या वरपर्यंत पांढरी झाली, पार निवडणुकीतल्या नावापर्यंत. देवव्रतने झटकन हात डोळ्यांवर धरला.

“काय दिसतं?”

“काही नाही. बंद करा.”

सहदेवने ते बल्ब काढले, आपले बसवले. घाई केली नाही. काकू आत स्टिअरिंग धरून ताठ बसल्या होत्या, परीक्षेला बसल्यासारख्या.

“लावा, काकू.”

उजेड आला आणि खाली राहिला. देवव्रतच्या बुटांवर, गुडघ्यांवर, कमरेच्या पट्ट्यापर्यंत. वर नुसती मंद झाक. त्याने हात उचलला नाही.

“आता काय दिसतं?”

काचेमागे देवव्रतची आई दिसत होती. चष्मा, कानामागे खोचलेले पांढरे केस, दोन्ही हात चाकावर, नजर थेट त्याच्यावर.

“आई दिसते,” तो म्हणाला.

“तिलाही तुम्ही दिसता. कुठला शर्ट घातलाय विचारा.”

“निळ्या रेघांचा,” काकूंनी खिडकीतून ओरडून सांगितलं, “आणि दुसरं बटण तुटलंय!”

देवव्रतने छातीवर हात नेला. बटण खरंच तुटलेलं होतं. तो हसला, मग त्याचं हसू मोडलं आणि तो जरा वेळ भिंतीकडे वळून उभा राहिला. सहदेव उगाच बॉनेट पुसत बसला.

मग देवव्रत गाडीच्या मागच्या दारापाशी गेला. आत गोणपाटावर मांडलेल्या बॅटऱ्या त्याने पाहिल्या.

“हे काय आहे?”

“बाबा आहेत तुमचे,” सहदेव म्हणाला. “बासष्ट किलो. ते मागे बसल्यावर उजेड कुठे पडतो ते बघून फोकस लावलाय.”

देवव्रतने बाह्या वर सरकवल्या आणि इस्त्रीच्या शर्टानिशी एकेक बॅटरी उचलून स्वतः खाली ठेवली. हात काळे झाले. सहदेव मदतीला गेला तर त्याने नको म्हटलं. सीट रिकामी झाल्यावर तो आत शिरला, वडील बसतात तसा पाय लांब करून बसला आणि दार ओढून घेतलं.

“आई, चल. घरापर्यंत तू चालव. सोमवारी पहाटे मी येणार नाही.”

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त पदराने चष्मा पुसला आणि तो नीट बसवला.

सहदेव सवयीने भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. मुलाचं वजन बापापेक्षा जास्त होतं, त्यामुळे उजेडाची कड रेघेवर दोन बोटं चढली. एरवी त्याने गाडी जाऊ दिली नसती. आज त्याने हात हलवून वाट मोकळी केली, कारण सोमवारी मागच्या सीटवर बासष्टच किलो बसणार होते.