फोनमधल्या बाईचा थकवा

"गौरी परवावर आल्या नि ही पोरगी फोनात तोंड घालून बसलीय!" दत्तात्रेयचा आवाज चढला होता. "कालेजानं सांगितलाय काय हा अभ्यास?"

"नाही सांगितलेला. माझा मीच करते," हेमाली म्हणाली. "या ॲपवर सरावासाठी बनवलेले पेशंट देतात, बाबा. काय विचारायचं, काय तपासायचं ते आपण ठरवायचं. चुकलं की लगेच कळतं."

"खोटे पेशंट!"

"बरं हाय की भाऊजी," काशीची धाकटी जाऊ रतन नारळ खवता खवता म्हणाली. "मेला तरी कोन रडत येनार न्हाय."

काशी हसली नाही. ती वड्यांचं पीठ भिजवत होती. लेक डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला, सणापुरती घरी आलेली. बोर्लीच्या अलीकडच्या या गावात साऱ्या भावकीची गौर काशीच्याच घरात बसे. नवी नवरी असल्यापासून कितीदा तरी तिची पाळी नेमकी सणात आली होती, आणि मागच्या पडवीत बसून तिनं दुसऱ्यांच्या हातच्या वड्यांचा नुसता वास घेतला होता. पाळी गेली तसा नैवेद्य तिचा झाला. आता मीठ किती घालायचं ते रतन तिला विचारी.

"काय चुकलं गो तुझं?" काशीनं विचारलं.

"बावन्न वर्षांची बाई. थकवा, धाप. मी म्हटलं रक्त कमी आहे, नि गोळ्या लिहून मोकळी झाले. पाळी गेलेली, म्हणून पुन्हा अंगावरून रक्त जातंय का, ते विचारलंच नाही."

दत्तात्रेय खाकरला आणि ओटीवर निघून गेला. "बापासमोर काय बोलावं ते तरी..." पुटपुटत रतन करवंट्या टाकायला मागल्या दारी गेली.

"न विचारता ती बोलली न्हाय?" काशी पिठाकडे बघतच म्हणाली.

"नाही बोलत. विचारलं की सगळं सांगते. तिला कुणाची लाज नसते."

"तिच्या घरात गौर नसंल."

हेमालीनं फोन पालथा ठेवला. चतुर्थीला तिनं आईला विचारलं होतं, फार दमतेस का? साऱ्या घरासमोर विचारलं होतं. आई म्हणाली होती, कामानं.

"आई, तुझ्या अंगावरून जातंय?"

काशीचे हात थांबले. "श्रावनापासनं."

"आणि तू कुणाला..."

"सांगितलं असतं तर पुन्हा पडवीत. तशीच मोदक वळलेत मी. गणपतीसमोर उभं राहवत न्हाय मला." तिचा स्वर बारीक झाला. "त्या बाईला काय झालेलं?"

"कॅन्सर." हेमाली आईजवळ सरकली. "तुला तोच असेल असं नाही. पण तपासायलाच हवं. लवकर कळला तर बाई बरी होते."

"सन झाल्यावर बघू."

"सण झाला की भात कापायला येईल. मग तू येणार नाहीस."

काशीनं पिठाचा गोळा दाबून बघितला. पीठ चांगलं भिजलं होतं. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि ओटीवर आली. दत्तात्रेय मखराचे दिवे लावत होता, रतनही तिथे आली होती.

"माझ्या अंगावरून जातंय," काशी म्हणाली. "उद्या सकाळच्या एसटीनं मी हेमालीबरोबर अलिबागला दवाखान्यात चाललेय. नैवेद्य रतन करील."