दिव्याभोवतीचं कडं आणि धोतऱ्याचं पान

डॉक्टरांनी माझ्या मिटलेल्या डाव्या डोळ्यावर दोन बोटं ठेवली, सीताफळ पिकलं का पाहावं तशी दाबली, आणि म्हणाले, "दगड झाला आहे. हा ॲक्यूट ग्लाकोमा."

ग्लाकोमा म्हणजे काचबिंदू. डोळ्यात पाणी सतत तयार होतं आणि एका बारीक वाटेने बाहेर जातं. ती वाट एकाएकी बुजली की आत दाब वाढतो आणि मागची नस चिरडली जाते. नस मेली की नजर गेली, ती परत येत नाही. वर्ध्याच्या दवाखान्यातल्या बाकावर हे ऐकताना माझं डोकं असं ठणकत होतं, की हिंगणघाटचे कापूस पिंजणारे सगळे जिन आणून कानशिलात बसवले असते तरी मला फरक कळला नसता.

मी कारंज्याचा, बैलांचा दलाल. साठी ओलांडलेली. बैल मागचा पाय किंचित ओढतो की नाही, हे मी बाजाराच्या दुसऱ्या टोकावरून ओळखत असे. लोक म्हणत, याला बैलाच्या मनातलंही कळतं. म्हणजे तसं मीच सांगत असे. डोळे गेले तर हा धंदा गेला, एवढं मात्र खरं होतं. भाव ठरवायला तेवढे डोळे लागत नाहीत. रुमालाखाली गिऱ्हाइकाचा हात धरायचा आणि बोटं दाबून बोली करायची. मी नेहमी पाचही बोटांपासून सुरुवात करतो, मग बैल तीन बोटांचा का असेना.

दुखणं सुरू झालं बाजाराच्या दिवशी. संध्याकाळी सडकेवरच्या ढाब्यात गॅसबत्ती पेटली आणि तिच्याभोवती मला रंगीत कडं दिसलं, बैलगाडीच्या चाकाएवढं. मी ते मोठ्याने सांगितलं. याच ढाब्यात बसल्या बसल्या मी पूर्वी वाघाला कासरा लावून घरी आणला होता, त्यामुळे ट्रकवाले हसले. एक म्हणाला, "काका, उद्या त्या चाकात मोर नाचून राह्यला म्हणान." चाकाचा विषय तिथेच संपला. डावं कानशील मात्र ठणकायला लागलं होतं.

आमच्याकडे डोकं धरलं की ऊन लागलं म्हणतात, आणि त्यावर धोतऱ्याचं पान. पानं ठेचायची, गरम करायची आणि कानशिलावर फडक्याने आवळून बांधायची. मी तेच केलं. उकाड्याचे दिवस, घामाने फडकं भिजलं. सकाळी डावा डोळा लालभडक झाला होता, त्या डोळ्याने सगळीकडे धूर दिसत होता आणि उलट्या थांबत नव्हत्या. शेजारचे बापूजी पाहून गेले. म्हणाले, मोतीबिंदू आहे, पिकू द्या, पिकल्यावर काढतात.

आमच्या घरची बापूजींना चहा देऊन आत गेली आणि पिशवी भरून बाहेर आली. वर्ध्याची मोटार स्टँडवर उभी होती.

दवाखान्यात पायलोकार्पिनचे थेंब सुरू झाले. या औषधाने बाहुली लहान होते आणि पाण्याची वाट मोकळी होते. शिवाय डोळ्यातलं पाणी कमी करणाऱ्या, तेव्हा नवीनच निघालेल्या गोळ्या. बाकावर मी, खाली घरची. दुपार झाली तरी बाहुली लहान होईना. डॉक्टर पुन्हा आले. त्यांनी बोटं धरून विचारलं, "किती दिसतात?" दिसत होता धूर. सवयीने मी म्हणालो, "पाच."

"दिसत नाई त्यायले," घरची खालून म्हणाली.

डॉक्टरांनी विचारलं, डोळ्याला काही लावलं होतं का. मी एका बैलाची हकीकत सुरू केली. त्याने शिंगाने धूळ उडवली होती, ती धूळ थेट अमरावतीपर्यंत गेली होती, आणि तिचा कण परत येऊन माझ्या डोळ्यात पडला होता. डॉक्टर लिहून घेत होते.

"धूळ नाई जी," ती म्हणाली. "धोतऱ्याचं पान बांधलं होतं. घामानं रस डोयात उतरला."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. धोतऱ्याने बाहुली मोठी होते, म्हणाले. वाट आधीच अरुंद होती, पानाने ती पुरती बंद झाली, आणि आता तोच रस थेंबांना जुमानत नाही. "हे सकाळी कळायला हवं होतं," एवढंच बोलले. कानशील आणि डोळा धुतला. थेंब लवकर लवकर घालायला लावले. संध्याकाळी डोळा दगडाचा कच्चा पेरू झाला. पुढे इरिडेक्टमी केली. म्हणजे बाहुलीभोवतीच्या पडद्याला खिडकी पाडायची, पाण्याला दुसरी वाट म्हणून. उजवा डोळाही त्याच घडणीचा, तेव्हा त्यालाही नंतर खिडकी पाडली.

साठीच्या आसपासच्या माणसांना सांगायचं ते एवढंच. डोकं एका बाजूने ठणकलं, डोळा लाल झाला आणि दिव्याभोवती रंगीत कडं दिसलं, तर ते ऊन नाही. पिकण्याची वाट पाहू नका, पान बांधू नका, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. आणि बांधलं असेलच तर आधी ते सांगा. मला सांगणारी होती. सगळ्यांच्या बाकापाशी कोणी बसलेली असेलच असं नाही.

पट्टी सोडली त्या सकाळी डॉक्टर समोर उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. मी बराच वेळ पाहिलं. पाच म्हणावंसं वाटलं.

"दोन," मी म्हणालो. "त्यातलं एक धुरकट."

घरची डॉक्टरांच्या हाताकडे पाहतच होती. तरी तिने विचारलं, "खरं सांगून राह्यले का?"

"खरं आहे बाई," डॉक्टर म्हणाले. "दोनच आहेत."

तिने पिशवी उचलली. "चला मंग," मला म्हणाली. "आता ते पाच रुमालाखालीच ठेवजा."